आत्याच्या सायकलचा मधला गिअर : कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

आत्याची सायकल आज घरी आली. रॅले, लेडीज, काळी, २८ इंची चाकं, ब्रेक सळ्यांचे. चेनव्हीलमध्ये (पायडलजवळच्या दातांच्या चाकात) कापून काढलेली तीन बगळ्यांची डोकी गंजाच्या थराखालूनही ओळखू येतात. मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या गाभ्यावर, तिन्ही गिअर याच्या आतच असतात) स्टर्मी-आर्चर या कंपनीचं नाव, एडब्ल्यू ही मॉडेलची अक्षरं आणि ५८ ४ असे आकडे ठोकलेले आहेत. पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. हब एप्रिल १९५८ चं. चाक मध्ये कधी बदललं नसेल तर सायकलही त्याच सुमाराची.

अवस्था : दोन्ही टायर कडेने फाटलेले, चेन काठीसारखी ताठ, डावा क्रँक (पायडलची दांडी) डुगडुगतो, सीटचं कातडं कोरडं ठणठणीत. फ्रेम सरळ आहे. दोरी लावून दोन्ही बाजूंनी मोजली, मागच्या दांड्यांपर्यंतचं अंतर सारखं भरलं. हे पाहिल्यावर जीव भांड्यात पडला.

बेत असा : सगळी खोलायची, रंग मुळापर्यंत खरवडून नवा द्यायचा, क्रोम नवं करून घ्यायचं, तीन महिन्यांत रस्त्यावर.

संध्याकाळी आत्याला फोन केला. ती म्हणाली, "सगळं कर, पण मधला गिअर वापरू नकोस गं. त्याच्यावर पाय एकदम मोकळा पडतो. माझा गुडघा फुटलाय तसा. पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जायचं. आम्ही सगळ्या तसंच चालवायचो."

लिहून ठेवते.

१८ जानेवारी

खोलायच्या आधी फोटो. ब्रेकच्या सळ्यांचे फोटो तीन बाजूंनी काढले, कारण तिथली प्रत्येक कडी, वायसर आणि स्क्रू कुठला हे नंतर आठवत नाही. प्रत्येक भागाला वेगळी पिशवी, पिशवीत चिठ्ठी. नट ज्या आट्यांवरून निघाला त्याच आट्यांवर परत फिरवून ठेवते. इतकी वर्षं एकत्र राहिलेली जोडी मोडायची नाही.

हे सांभाळण्याला एक रोकडं कारण आहे. या सायकलचे आटे वेगळे. बहुतेक सायकलींच्या बॉटम ब्रॅकेटला (पायडलचा एक्सल फिरतो त्या जागेला) आणि हँडलच्या कपांना (छरे बसतात त्या वाट्यांना) इंचाला २४ आटे असतात, जुन्या रॅलेला २६. एका आट्याला जेमतेम ०.०८ मिलिमीटरचा फरक. त्यामुळे चुकीचा कप पहिले दीड-दोन फेरे गोडीगुलाबीने आत जातो आणि मग अडतो. अडल्यावर जोर लावला की दोन्हीकडचे आटे जातात. तेव्हा इथे "नवीन आणून बसवू" असं म्हणून चालत नाही. जे आहे तेच वाचवायचं.

२५ जानेवारी

पूर्ण दिवस कॉटरपिनांवर गेला.

क्रँक एक्सलवर घट्ट बसतो तो या पाचरीसारख्या पिनेमुळे. पिनेची एक बाजू सपाट आणि उतरती. ती एक्सलच्या खाचेवर दाबून बसते. डावी पिन आधीच ढिली होती, लगेच निघाली. उजवी हलेना. दोन दिवस गंज सोडवणारं तेल सोडून ठेवलं होतं, तरी नाही.

चूक माझी झाली. नट थोडासा वर काढून पिनेच्या टोकाशी समपातळीत ठेवायचा आणि क्रँकखाली लोखंडी नळीचा भक्कम टेकू द्यायचा, म्हणजे ठोका पिनेला बसतो, छऱ्यांना नाही. टेकू दिला होता, पण नळी अर्धा सेंटिमीटर आखूड होती. पहिल्या ठोक्याला क्रँक खाली गेला, नळीवर आदळला, आणि जोर वाटेतच संपला. दुसऱ्या ठोक्याला पिनेचं टोक वाकलं. वाकलेली पिन कशालाच दाद देत नाही. मग टोक कापून, मधोमध पंचची खूण करून, आधी ३ मिमी, मग ५, मग ६.५ मिमीच्या बिटाने भोक पाडत गेले. शेवटी पिन आतून पोकळ झाली तेव्हा एका हलक्या ठोक्यात बाहेर पडली. एक्सलला ओरखडा नाही. तेवढ्यावर मी दोन वेळा देवाचे आभार मानले.

पुढच्या वेळी प्रेस वापरायचा. हातोडीने होतं, पण एका ठोक्याच्या चुकीचे पाच तास जातात.

२६ जानेवारी

बॉटम ब्रॅकेट उघडला. उजव्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात, म्हणून तो जागचा हलवलाच नाही; आतून पुसला, टॉर्च मारून पाहिला, वाट गुळगुळीत आहे. डाव्या कपावर मात्र कुणीतरी पूर्वी २४ आट्यांची लॉकरिंग (कप जागेवर घट्ट धरणारी रिंग) जबरदस्तीने चढवलेली. पहिले अडीच आटे चिरडलेले.

छरे दोन्ही बाजूंना ११-११, पाव इंची. डावीकडचे दोन चेपलेले होते. सगळे बावीस नवे घालणार, कारण जुन्यात दोन नवे मिसळले तर भार नव्यांवरच येतो.

चिरडलेल्या आट्यांसाठी बारीक त्रिकोणी कानस घेतली. चांगल्या आट्यापासून सुरुवात करून चिरडलेल्याकडे यायचं, उलटं नाही. कानशीला चांगल्या आट्याची वाट कळते आणि ती पुढे तीच वाट ओढत नेते. भिंग डोळ्याला लावून दीड तास. मग मूळ लॉकरिंग (ती दुसऱ्या पिशवीत, घंटीच्या सुट्या भागांबरोबर मिळाली) तेल लावून हातानेच फिरवली. एकदा अडली, मागे घेतली, परत फिरवली. तिसऱ्यांदा शेवटपर्यंत गेली. पाना न लावता.

८ फेब्रुवारी

रंग खरवडायला कागद, ब्लेड, रिमूव्हर सगळं मांडून बसले होते. त्याआधी नुसती धूळ निघावी म्हणून पातळ मशीन ऑइलमध्ये सुती फडकं बुडवून खालची नळी पुसायला घेतली. फडकं आधी चॉकलेटी झालं, मग काळं, आणि पाचव्या घडीला नळीवर एक पिवळसर धागा दिसला. धागा कसला, सोनेरी रेघ होती. वीतभर पुसलं तेव्हा दुसरी दिसली, पहिलीला समांतर. हाताने ओढलेली असणार, कारण एका ठिकाणी ब्रश टेकल्याचा किंचित जाड ठिपका आहे आणि तिथून रेघ बारीक होत जाते.

आणखी एक गोष्ट दिसली. गिअरची वायर जिथे आवरणातून बाहेर पडते तिथे नळीवर एक क्लिप असते, एक सेंटिमीटर रुंद. त्या क्लिपच्या वरच्या कडेला रंगाची एक चंद्रकोर दिसते, गडद आणि चकचकीत. तीनेक मिलिमीटरची. बाकीच्या नळीवरचा रंग उन्हाने फिका पडलाय, एवढाच भाग उन्हात आलेला नाही. म्हणजे क्लिप पूर्वी तिथे होती. ती खाली घसरली आहे.

क्लिप खाली घसरली की आवरणही खाली येतं आणि आतली वायर तेवढी सैल पडते. तीन मिलिमीटर सैल.

आत्याचा गुडघा आठवला.

रिमूव्हरचा डबा परत कपाटात ठेवला. हा रंग काढायचा नाही. मी तो खरवडला असता तर ही खूणही त्याबरोबर गेली असती, आणि मी हबमध्येच दोष शोधत बसले असते. चंद्रकोरीचा फोटो काढून, वरची कड कागदावर उतरवून घेतली.

१५ फेब्रुवारी

साफसफाई. रंगावर फक्त तेलाचं फडकं आणि शेवटी मेण. थिनर, स्पिरिट जवळपासही आणलं नाही. सोनेरी रेघा आणि स्टिकर त्याने विरघळतात. आधी बॉटम ब्रॅकेटच्या खाली, जिथे कुणी पाहत नाही, तिथे तपासून मगच वर लावलं.

क्रोमच्या भागांना ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा आणि साधं पाणी. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे येत नाहीत, आणि गंजाचे ठिपके राखाडी लगद्यासारखे निघून येतात. जिथे क्रोमच उडालंय तिथे काळा डाग राहतो. राहू दे. नवं क्रोम करण्याचा विचार सोडला.

नट, वायसर, सळ्यांच्या कड्या ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यात. हे विषारी असतं, हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. चार तासांनी काढले. एक मूठ रात्रभर विसरले, त्यांच्यावर पिवळसर भुकटीचा थर बसला. घासून गेला, पण वेळ पाहून काढायला हवे होते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, सुकवून, तेल.

पुढच्या चाकात डायनोहब (दिव्यासाठी वीज बनवणारं हब) आहे, जीएच६, ६ व्होल्ट, २ वॅट. चाक हाताने जोरात फिरवलं तर बल्ब लागतो. म्हणून ते उघडलं नाही. आतल्या लोहचुंबकाचं कडं तारांच्या गाभ्यापासून नुसतं ओढून वेगळं केलं की त्याची ताकद उतरते. मध्ये लोखंडी कडं सरकवत काढावं लागतं. उजेड पडतोय तर हात लावायचा नाही. बाहेरच्या बाजूने कोन (छऱ्यांना दाबून धरणारा शंकूसारखा नट) थोडा सैल केला, तेल दिलं, बस.

१ मार्च

मागचं हब.

हे उघडायची खरं तर गरज आहे का, यावर आठवडाभर घोळ घातला. मधल्या गिअरचं कारण क्लिप असेल तर हबमध्ये दोष नाही. पण पहिल्या गिअरमध्ये हाताने चेन ओढली की कधी कधी चाक न फिरताच चेन पुढे जायची. आत काहीतरी अडकतंय हे नक्की.

एडब्ल्यू हब १९३६ साली आलं आणि त्याची आतली रचना मला फार आवडते. मधोमध एक्सलवरच कोरलेलं २० दातांचं चाक, ते कधीच फिरत नाही. त्याच्याभोवती फिरणारी चार छोटी चाकं, प्रत्येकी २० दात. या सगळ्यांना बाहेरून वेढणारं ६० दातांचं कडं. बाहेरचं कडं एक फेरा फिरलं की चार चाकांचा पिंजरा पाऊण फेरा फिरतो. उलट पिंजरा एक फेरा फिरवला तर कडं एक आणि एक तृतीयांश. पहिला गिअर पाऊणपट, मधला सरळ, तिसरा सव्वापेक्षा थोडा जास्त. सगळा हिशेब २० आणि ६० या दोन आकड्यांत.

पायाचा जोर कुठे पोचवायचा हे ठरवतो एक क्रॉसच्या आकाराचा क्लच. वायर ताणली की तो उजवीकडे सरकतो, सैल सोडली की स्प्रिंग त्याला डावीकडे ढकलते. मधल्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक जागा अशी आहे की क्लच कड्यालाही धरत नाही आणि पिंजऱ्यालाही. तिथे पायडल नुसतं फिरतं. वायर हवी त्यापेक्षा सैल असली की मधला गिअर निवडल्यावर क्लच नेमका त्या जागेत जाऊन थांबतो.

उघडताना एक गोष्ट पाळली. छऱ्यांचं कडं हबमध्ये ज्या आट्यांनी बसतं ते दुपदरी असतात, म्हणजे त्याला आत शिरायला दोन सुरुवाती असतात. दुसऱ्या सुरुवातीने बसवलं तर चाकाचा मध्य किंचित सरकतो आणि आउट (चाकाची डगमग) नव्याने काढावा लागतो. म्हणून ठोकायच्या आधी कड्याच्या खाचेसमोर हबवर बारीक खूण केली.

आतला जुडगा एका हातात मावतो. बाहेर आला तेव्हा डिंकासारखं झालेलं तेल त्याच्या दातांत भरलेलं होतं, रंग काकवीसारखा. रॉकेलमध्ये तासभर ठेवून टूथब्रशने साफ केला. मग दोष सापडला. पिंजऱ्याच्या डाव्या टोकाला दोन कुत्रे (एकाच दिशेने अडकणारे छोटे खटके) असतात, फ्रीव्हीलमध्ये असतात तसेच, पहिल्या गिअरचा जोर हबला पोचवणारे. त्यातला एक चिकटून आत बसला होता, त्याच्या स्प्रिंगचा एक पाय मोडलेला. केसापेक्षा जरा जाड तार. एवढ्याशा तारेसाठी सगळा भार दुसऱ्या कुत्र्यावर होता, आणि तोही डिंकात रुतत होता.

क्लचच्या चारी हातांचे कोपरे किंचित गोलावलेत. मधल्या जागेत राहून घसरल्याच्या त्या खुणा. धरणारी बाजू अजून सरळ आहे, तेव्हा क्लच तोच राहील.

२ मार्च

स्प्रिंगा चारही (बाहेरच्या कड्यावरच्या दोन कुत्र्यांच्या धरून) बदलल्या. कुत्रा, स्प्रिंग आणि पिन एकत्र धरून पिंजऱ्याच्या फटीत सरकवायचं काम मला एकटीला जमेना. मैत्रीण आली, तिने चिमट्याने स्प्रिंग दाबून धरली आणि मी पिन सरकवली. पहिल्यांदा कुत्रा उलटा बसला. दुसऱ्यांदा स्प्रिंग उडाली, कोपऱ्यात सापडली. चौथ्यांदा बसलं.

जुडगा आत घालताना उलट्या दिशेने हळू फिरवत घातला. कुत्रे दबून आत गेले आणि एक टक् झालं. छऱ्यांचं कडं खुणेला खूण लावून. उजवा कोन बोटांनी घट्ट करून अर्धा फेरा मागे, बाकीचा खेळ डाव्या कोनाने काढला. आत ग्रीस नाही घातलं, फक्त बाहेरच्या छऱ्यांना. कुत्र्यांना पातळ मशीन ऑइलच लागतं. घट्ट ग्रीसमध्ये ते पुन्हा रुततील, आणि स्वयंपाकाचं तेल घातलं तर त्याचाच डिंक होतो.

८ मार्च

चाकं. मागे ४० स्पोक, पुढे ३२. सळ्यांच्या ब्रेकमध्ये रबर रिमच्या बाजूला लागत नाही, आतल्या अंगाने वर ओढलं जाऊन दाबलं जातं. म्हणून इथे डावी-उजवी डगमग एक-दीड मिलिमीटर चालते, पण वर-खाली उंचवटा चालत नाही. दर फेऱ्याला ब्रेक खेचतो आणि सोडतो. आधी गोलाई, मग बाजू. मागच्या चाकाला एके ठिकाणी २ मिमीचा फुगवटा होता, तिथले दोन्ही बाजूंचे चार निपल (स्पोकच्या टोकाचे नट) पाव-पाव फेरा घट्ट करत आणले. तीन निपल गंजून बसलेले, तेल टाकून दुसऱ्या दिवसासाठी ठेवले.

नवे टायर चढवले. ४०-६३५ हा आकडा पाहूनच घ्यायचे. नुसतं "२८ इंची" म्हटलं की ६२२ चे येतात आणि ते या रिमवर चढत नाहीत.

१५ मार्च

नव्या कॉटरपिना. पहिली जोडी इतकी मऊ निघाली की दाबताच सपाट बाजूवर खळगा पडला, ती टाकली. दुसरी जोडी ९.५ मिमीची, कडक पोलादाची. सपाट बाजू मार्करने काळी करायची, एक्सलमध्ये दाबायची, काढून पाहायचं कुठे काळं पुसलंय, तेवढंच कानशीने. पूर्ण लांबीवर पुसलं जाईपर्यंत सहा वेळा. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घातल्या, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. नट पिनेला आत ओढण्यासाठी नसतो. आधी दाबून बसवायची, मग नट.

सीटच्या कातड्याला खालून मेण चोळून ठेवलंय. एकदम तेल पाजलं की ते लोंबतं, म्हणून आठवड्यातून एकदाच, थोडंसं.

२२ मार्च

गिअरची वायर.

क्लिप सैल करून वर सरकवली, चंद्रकोर तिच्याखाली पूर्ण झाकली जाईपर्यंत. स्क्रू घट्ट केला. क्लिपच्या आत पातळ रबराची पट्टी घातली आहे, पुन्हा घसरू नये आणि रंगही जपला जावा म्हणून. हबमधून निघून वायरला जोडणाऱ्या बारीक साखळीजवळचा जुळवणीचा नट गंजून बसलेला होता. तो फिरत असता तर क्लिप घसरल्यावरही कुणीतरी अर्ध्या मिनिटात वायर ताणून दिली असती. तेल आणि गरम पाण्याच्या फडक्याने तो सोडवला.

ट्रिगर (हँडलवरची गिअरची कळ) मधल्या गिअरवर ठेवून उजव्या नटच्या खिडकीतून पाहिलं. आतली बारीक दांडी जिथे साखळीला जोडते तो खांदा एक्सलच्या टोकाशी समपातळीत हवा. जुळवणीचा नट सोडवला तरी जिथे होता तिथेच ठेवला होता, आणि खांदा केसभर बाहेर. अर्धा फेरा. समपातळीत आला.

पायडल हाताने फिरवलं. मधल्यावर धरलं. जोरात झटका दिला, तरी धरलं. वीस वेळा पहिला-मधला-तिसरा केलं.

३० मार्च

पहिली फेरी, ११ किलोमीटर. सगळं डांबरी, एक लांब चढ.

बसल्यावर पाठ सरळ राहते आणि हँडल आपल्याकडे येतं. वेग घ्यायला वेळ लागतो, पण एकदा घेतला की जड चाकं तो सोडत नाहीत. ब्रेक लवकर दाबायची सवय करावी लागेल, आणि ओल्या रस्त्यावर पोलादी रिम धरतच नाहीत असं समजूनच चालवायचं.

मधल्या गिअरवर चार किलोमीटर सलग. मन सारखं पायाकडे. तो मोकळा पडेल असं वाटत राहिलं. पडला नाही.

चढावर पहिलाही जड गेला. पुढे ४६ दात, मागे १८. टायरसकट चाकाचा परिघ सव्वादोन मीटर धरला तर पायडलच्या एका फेऱ्याला मधल्यावर पावणेसहा मीटर, पहिल्यावर ४.३. मागे २० दातांचं लावलं तर ५.१८ आणि ३.८८ होईल. एक रिंग काढून बदलता येतं, मूळ काहीच बिघडत नाही. १८ चं चाक चिठ्ठी लावून पिशवीत राहील.

घरी येऊन दोन्ही कॉटर पुन्हा दाबले. डावा पाव फेरा गेला. हे आणखी एक-दोन फेऱ्यांनंतर पुन्हा पाहायचं.

१३ एप्रिल

२० दात बसवले, चेन एका कडीने वाढवली. २६ किलोमीटर. चढ बसूनच चढले.

२० एप्रिल

आत्या आली. सायकल स्टँडवर उभी होती. तिने आधी सोनेरी रेघांवरून बोट फिरवलं, ब्रेक दाबून पाहिले, घंटी वाजवली. मग खाली वाकून हाताने पायडल फिरवायला लागली आणि दुसऱ्या हाताने ट्रिगर पहिल्यावर घेतला. पहिल्यात हब आवाज करत नाही. मग सवयीने थेट तिसऱ्यावर. टिकटिक सुरू झाली, भरभर.

"हे दोन्ही आवाज माहितीयेत मला," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आता मधल्यावर घे."

तिने पायडल थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, ट्रिगर एक घर मागे ओढला आणि पुन्हा त्याच गतीने फिरवायला लागली. टिकटिक तीच, पण संथ. चाक हाताच्या जोराबरोबर फिरत होतं. तिने ते बराच वेळ फिरवलं.